पाण्याचा हिशोब

हाताने केलेली टाइल बघणारा आधी तिचा रंग बघतो. करणारा ती सपाट टेबलावर ठेवतो आणि एका कोपऱ्यावर बोट दाबतो. 'टक्' असा आवाज आला की समजायचं, एक कोपरा अधांतरी आहे. दोन मिलिमीटरची ती फट पुढे भिंतीवर कडांचा चढउतार होऊन बसते आणि पुसताना दर वेळी फडक्याचा धागा तिथे अडकतो. वाटी थोडी वाकडी झाली तर हातची म्हणून तिचं कौतुक होतं. टाइलला ती सवलत नाही. तिला शेजारणींबरोबर एका पातळीत नांदायचं असतं.

टाइल वाकडी का झाली याचं उत्तर बहुतेक जण भट्टीत शोधतात. ते बऱ्याचदा त्याच्या दहा दिवस आधी, लाटण्यात आणि वाळवण्यात सापडतं. ओल्या मातीत वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के पाणी असतं. ते कुठल्या बाजूने, किती वेगाने आणि कुठून आधी गेलं, यावर टाइलचं सारं चारित्र्य ठरतं. घरच्या स्टुडिओत माती, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), चिकटवायचा मसाला आणि सांध्यातलं ग्राउट ही चार कामं वेगवेगळी दिसतात खरी, पण चारही ठिकाणी पाण्याचाच हिशोब मांडायचा असतो.

सुरुवात मातीपासून. कुंभाराची लाल माती बारीक आणि चिकट असते, चाकावर छान उठते, पण नुसती लाटून टाइल केली तर ती हमखास कोपरे उचलते. तिच्यात १५ ते २० टक्के ग्रॉग मळावं. ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीची रव्याइतकी भरड. एकदा भाजून झालेला तो कण पुन्हा आकसत नाही, त्यामुळे सगळ्या टाइलचं आकसणं कमी होतं. शिवाय आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटा मिळतात. प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की कडा कापताना माती फाटते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तयार स्टोनवेअर (जास्त तापमानाला पिकणारी) माती विकत घेत असाल तर ग्रॉग घातलेलीच मागा.

लाल मातीचा आणखी एक स्वभाव आहे: चुनखडीचे खडे. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा भट्टीत भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. टाइल बाहेर काढाल तेव्हा काही दिसणार नाही. दोन-तीन आठवडे हवेतला दमटपणा शोषून तो चुना फुगतो आणि वरचा टवका उडवतो. खाली पांढरा ठिपका. म्हणून खोदून आणलेली माती पाण्यात विरघळवून ६० मेशच्या (इंचाला ६० छिद्रांच्या) चाळणीतून गाळून घ्यायची. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. हाच धोका प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कपच्यांचाही असतो. माती सुकवायला प्लास्टरची लादी वापरली तर तिच्यावर सुरी कधीच चालवू नये.

आता मापं. मातीची एक पट्टी करून तिच्यावर ओली असतानाच बरोबर १०० मिलिमीटरची रेघ ओढा आणि शेवटच्या भाजणीनंतर ती मोजा. ८८ भरली तर आकसणं १२ टक्के. आता १० सेंटिमीटरची टाइल हवी असेल तर किती मोठी कापायची? इथे हटकून चूक होते. १२ टक्के वाढवून ११२ मिलिमीटर कापले, तर हाती ९८.५ येते. दीड मिलिमीटर कमी. बरोबर हिशोब भागाकाराचा आहे: १०० भागिले ०.८८, म्हणजे ११३.६. एका टाइलला दीड मिलिमीटर क्षुल्लक वाटतो. वीस टाइलच्या ओळीत तो तीन सेंटिमीटर होतो आणि ओळीच्या टोकाला एक बारीक पट्टी कापून बसवावी लागते. सहसा सगळ्यांच्या नजरेत येईल अशाच जागी.

या मापाची आणि दहा मिलिमीटर जाडीची टाइल कापायला साधारण २६० ग्रॅम माती लागते. चौरस फुटाला अशा नऊ, म्हणजे कडांची कातरण धरून तीन-साडेतीन किलो. कातरण पुन्हा मळता येते, वाया जात नाही.

लाटायला दोन्ही बाजूंना दहा मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या, खाली-वर जाड मांजरपाट. लाटणं मधून बाहेरच्या दिशेने फिरवायचं आणि प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनी माती उलटून नव्वद अंशांत फिरवायची. एकाच दिशेने लाटलेली पोळी त्या दिशेला जास्त आकसते आणि चौकोनाचा आयत होतो. लाटून झालं की दोन्ही बाजूंवरून लवचीक पत्र्याची किंवा रबरी पट्टी दाबून घोटायची. एकच बाजू घोटली तर तीच बाजू पुढे वाकायचं कारण होते.

मातीला आठवण असते, हे वाक्य कवितेतलं वाटतं, पण ते अगदी कोरडं तांत्रिक सत्य आहे. मातीचे कण चपटे, पत्त्यांसारखे. लाटलेली पोळी कोपऱ्याला धरून उचलली की ती वाकते आणि त्या वाकण्यात कण नव्या दिशेने रचले जातात. टेबलावर पुन्हा सपाट करून ठेवली तरी रचना तीच राहते, आणि वाळताना किंवा भाजताना टाइल त्या जुन्या वळणावर परत जाते. म्हणून पोळी हाताने उचलायचीच नाही. वर फळी ठेवायची, दोन फळ्यांमध्ये सँडविचसारखी धरायची आणि उलटायची. कापायची घाईही करू नये. ताज्या ओल्या मातीत सुरी ओढली की ती मातीला आपल्याबरोबर ओढत नेते. माती चामड्यासारखी घट्ट होईपर्यंत काही तास थांबावं, आणि मग प्रत्येक कड दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे कापावी, म्हणजे कोपरा सुरीबरोबर ताणला जात नाही.

आणि मग वाळवण.

उघडी टाइल टेबलावर ठेवली की वरची बाजू आणि कडा आधी सुकतात, आधी आकसतात, आणि अजून ओल्या असलेल्या खालच्या बाजूला वर खेचतात. पापड उन्हात कसा वाटीसारखा होतो ते आठवा. उपाय एकच: दोन्ही बाजूंना सारखी वाट द्यायची. जिप्सम बोर्डचे दोन तुकडे घ्या, त्यांच्या कापलेल्या कडा चिकटपट्टीने बंद करा (तिथूनच कपच्या सुटतात), मधे वर्तमानपत्राचा एकेक कागद आणि टाइल ठेवा, वर थोडं वजन. बोर्ड पाणी शोषतो. रोज एकदा टाइल उलटायची आणि ओलसर कागद बदलायचा. कडा फार लवकर फिक्या पडत असतील तर त्यांच्यावर पातळ प्लास्टिकची पट्टी टाकून ठेवायची.

यातही एक मेख आहे. पाणी दोन टप्प्यांत जातं. आधी कणांच्या मधलं पाणी जातं, कण जवळ येतात, टाइल आकसते. एकदा कण एकमेकांना टेकले की उरलेलं पाणी सूक्ष्म छिद्रांतून जात राहतं, पण आकसणं जवळपास थांबलेलं असतं. म्हणजे सगळी नाजूक जबाबदारी पहिल्या तीन-चार दिवसांची. टाइलचा रंग सगळीकडे सारखा फिका पडला की ती जाळीवर उघडी ठेवली तरी चालते. कित्येक जण नेमकं उलटं करतात: पहिल्या दिवशी पंखा लावतात आणि शेवटी 'फुटू नये म्हणून' झाकून ठेवतात.

पावसाळ्याला मातीकाम करणारे नावं ठेवतात. टाइलपुरतं मला हे पटत नाही. कोकणातला जुलै टाइलच्या पहिल्या टप्प्याला उत्तमच. घात करतो तो देशावरचा एप्रिल-मे. कोरडी झळ लागली की सकाळी लाटलेली टाइल संध्याकाळी द्रोण झालेली असते. पावसाळ्यात अडतं ते शेवटाला. हवाच ओली असल्यामुळे टाइल पूर्ण कोरडी होतच नाही. ती गालाला लावून बघायची. गार लागली तर आत पाणी आहे.

ते पाणी भट्टीत काढावं लागतं, आणि तिथे पुन्हा सबुरी. ८०-९० अंश सेल्सिअसला किमान दोन तास धरा, पावसाळ्यात चार. उकळबिंदू ओलांडताना आत पाणी असेल तर त्याची वाफ होते आणि टाइलचा पापुद्रा उडतो. त्यानंतर २०० अंशांपर्यंत ताशी ६०, मग ६०० पर्यंत ताशी १००. या टप्प्यात, साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान, मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणी सुटतं. शुद्ध चिनीमातीत ते वजनाच्या १४ टक्क्यांच्या आसपास असतं. टाइल कितीही खडखडीत वाळवली तरी हे पाणी आत असतंच. ते गेलं की माती पुन्हा कधी चिखल होत नाही. भट्टीचं वरचं भोक तोवर उघडं ठेवायचं. ६०० नंतर ताशी १५० ने १००० पर्यंत जाऊन पंधरा मिनिटं थांबायचं. ही झाली कच्ची, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची, भाजणी.

थंड होतानाही ५७३ अंशांचा उंबरा आहे. तिथे मातीतल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम लहान होतो. टाइलच्या कडा आधी थंड होतात, पोट गरम शेल्फला टेकलेलं असतं, म्हणून भांड्यापेक्षा टाइल इथे लवकर तडकते. झाकण किलकिलं करून बघायचा मोह १०० अंशांच्या खाली येईपर्यंत आवरावा. तड्याची कड बघून निदान करता येतं: ग्लेझच्या भाजणीनंतर कड धारदार असेल तर तडा थंड होताना गेलेला, आणि ग्लेझ वितळून कडेवरून गोल ओघळलं असेल तर तो आधीच होता. शेल्फवर बारीक कोरड्या वाळूचा पातळ थर पसरला की आकसताना टाइल त्यावरून सरकते, अडकून फाटत नाही.

विजेचंही सांगायला हवं. घरगुती सिंगल फेजवर चालणारी लहान भट्टी ३ किलोवॅटच्या आसपास असते, म्हणजे १३ अँपिअर, तेही सलग आठ-दहा तास. एक्स्टेन्शन बोर्डवर हा भार टाकू नका. मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी, इलेक्ट्रिशियनकडून. भट्टी भिंतीपासून किमान दीड फूट लांब.

ग्लेझ लावताना पाण्याची दिशा उलटी होते. आता टाइल तहानलेली असते आणि ग्लेझमधलं पाणी ओढून घेताना पूड पृष्ठभागावर धरून ठेवते. त्यामुळे ग्लेझची घनता मोजणं फार महत्त्वाचं. १०० मिलिलिटर मोजून वजन करा. १४५ ग्रॅमच्या आसपास असेल तर सुरुवात करायला ठीक. ग्लेझमध्ये तीन सेकंद मोजून टाइल समोरच्या बाजूने टेकवा आणि उचला. ब्रशने लावाल तर टाइलच्या सपाट तोंडावर प्रत्येक फटकारा दिसतो. ते हवं असेल तरच ब्रश घ्या. धूळ किंवा बोटाचं तेल राहिलं असेल, किंवा थर जाड होऊन सुकतानाच भेगाळला असेल, तर भट्टीत ग्लेझ मागे सरतं आणि मधे उघडी माती दिसते. आधी ओल्या स्पंजने टाइल पुसली तर निम्मी दुखणी टळतात. मागची बाजू आणि खालच्या कडेचे दोन मिलिमीटर पुसून साफ करा, नाहीतर टाइल शेल्फची होऊन राहते. शिसं असलेलं फ्रिट (ग्लेझमध्ये घालायची काचेची पूड) घरात आणूच नये. आणि स्टुडिओत झाडू मारायचा नाही. सिलिकाची ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, सुक्या पुडी मिसळताना एन-९५ मास्क लावायचा.

भट्टीतून काढलेल्या टाइलवर केसासारख्या रेघांचं जाळं आलं, तर ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसलेलं असतं. ग्लेझमध्ये थोडी सिलिका वाढवली की बहुतेक वेळा जुळतं. कधी हे जाळं दोन वर्षांनी उमटतं. सच्छिद्र टाइल हवेतला ओलावा पीत पीत अगदी सूक्ष्म फुगते आणि वरच्या काचेला ते झेपत नाही. पाणी असं उशिराही परत येतं. न्हाणीघरासाठी म्हणूनच स्टोनवेअर माती आणि तिला पूर्ण पिकवणारी, म्हणजे छिद्रं मिटवणारी, १२०० अंशांच्या पुढची भाजणी हवी.

एवढं करूनही दहातल्या दोन टाइल वाकड्या निघतात. त्यांचं मोझेक होतं.

मराठी घरात 'मोझेकची फरशी' म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती सिमेंटमध्ये संगमरवराच्या कपच्या घालून घासलेली लादी. जगात तिला टेराझो म्हणतात. तुकडे जोडून केलेल्या खऱ्या मोझेकच्या जवळचं आपल्याकडे आहे ते चायना मोझेक: गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे ओल्या मसाल्यात दाबून केलेलं. गळती थांबवायला आणि ऊन परतवायला केलेली ही गवंड्याची युक्ती. पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या 'संगाथ' या आपल्या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर ती १९८० च्या सुमारास चढवली आणि पुढे तिथल्याच 'अमदावाद नी गुफा' या कलादालनाच्या घुमटांवरही. घुमटासाठी फुटके तुकडेच का? अर्धा मीटर त्रिज्येच्या गोलाईवर १० सेंटिमीटरची सपाट टाइल ठेवली तर तिच्या कडा अडीच मिलिमीटर वर राहतात. अडीच सेंटिमीटरचा तुकडा ठेवला तर हीच फट मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी उरते. तुकडा चौपट लहान, फट सोळापट कमी.

तुकडे करायला निपरचे (टाइल तोडायच्या पकडीचे) जबडे टाइलच्या कडेवर फक्त दोन-तीन मिलिमीटर आत धरायचे. मधोमध धरून दाबलं तर टाइल मनाला येईल तशी फुटते. डोळ्यांवर चष्मा हवाच. पण हातच्या टाइलमध्ये ग्रॉग असल्यामुळे ती रेषेत फुटत नाही, हे आधीच मान्य करावं. एकसारखे चौकोन हवे असतील तर माती चामड्याइतकी घट्ट असतानाच मागून दोन-तृतीयांश खोल रेघा मारून ठेवा. भाजल्यावर तुकडे चॉकलेटच्या वडीसारखे मोडतात.

जाडी कमी-जास्त असलेल्या तुकड्यांना उलटी पद्धत मानवते. खाकी कागदावर उलट्या बाजूने चित्र काढायचं, मैद्याच्या पातळ खळीने तुकडे तोंड खाली करून चिकटवायचे, मग तो कागद मसाल्यावर उपडा दाबायचा. सगळी तोंडं कागदाला टेकलेली असल्यामुळे वरची पातळी एक येते आणि कमी-जास्तपणा मागच्या मसाल्यात मुरतो. खळ पाण्याने सुटते, अर्ध्या तासाने कागद ओला करून सोलून काढता येतो. अक्षरं असतील तर आरशातली लिहायची, हे विसरणारे पुष्कळ. तुकड्यांच्या ओळींना चाल हवी: माशाभोवतीच्या पाण्याच्या ओळी माशाच्या कडेला धरून वळल्या की मासा पोहतो, सरळ आडव्या लावल्या की तो ताटात पडलेला दिसतो.

चिकटवायचा पॉलिमरचा मसाला चक्क्याइतका घट्ट कालवा. श्रीखंडाइतका सैल झाला तर तुकडे घसरतात आणि मसाला फटींतून वर येतो. कालवून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा, पण नंतर पाणी घालू नका. दात्यांच्या थापीने पसरलेला थर उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांतच वरून साय धरतो, म्हणून हातभर जागेपुरताच लावा. मातीची सच्छिद्र टाइल असेल तर ती आधी पाण्यात बुडवून पुसून घ्यायची, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि चार महिन्यांनी हातात येते. पूर्ण पिकलेली टाइल मात्र भिजवायची नाही. तिला पाणी पीता येत नाही, ते पाणी नुसतं मधे आडवं येतं.

इथेच मातीची सवय झालेले हात चुकतात. माती वाळते. सिमेंट वाळत नाही, ते पाण्याशी जोडलं जाऊन घट्ट होतं, आणि ते पाणी मधेच उडालं तर पावडर उरते. ज्या हातांनी दहा दिवस पाणी सावकाश बाहेर घालवलं, त्यांनीच आता ते आत अडवून धरायचं. चोवीस तासांनी ग्राउट भरायचं. सांधा तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर विनावाळूचं, रुंद असेल तर वाळू मिसळलेलं. बिनग्लेझच्या टाइलला आधी सीलर लावा, कारण ग्राउटचा रंग त्यात कायमचा शिरतो. भरून वीस-तीस मिनिटांनी, पिळून कोरड्या केलेल्या स्पंजने, सांध्यांना तिरपं पुसायचं. स्पंज गळत असेल तर ग्राउट फिकं, ठिसूळ आणि डागाळलेलं होतं, वर पांढरा लोणा फुटतो. पुढचे दोन-तीन दिवस त्यावर पाण्याचा हलका फवारा आणि ओलं फडकं. ग्राउटचा रंग मला गडदच आवडतो. पांढरं ग्राउट प्रत्येक तुकड्याला वेगळं पाडतं आणि डोळा चित्राऐवजी जाळी बघत बसतो. फिक्या टाइलमध्ये तर तेच पांढरं चित्रच गिळून टाकतं.

प्रत्येक टाइलच्या पाठीवर भाजण्याआधी आयर्न ऑक्साइड कालवलेल्या पाण्याने तारीख, ग्लेझचा क्रमांक आणि शेल्फ लिहून ठेवा. आणि हव्या असतील त्यापेक्षा दहा टाइल जास्त करा. सहा महिन्यांनी एक फुटली की त्याच मापाने, त्याच पुडीने पुन्हा तोच हिरवा काढायला बसाल, तेव्हा भट्टी दुसराच हिरवा देईल.